तीन अक्षरांचा सासरा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं माधवनगरच्या कापडगिरणीत मागावर उभं राहून संसार केला, पोराला इंजिनिअर केलं, पोरीला कॉलेजात शिकवण्याइतकं शिकवलं. मोठेपणा म्हणून सांगत नाही, पण मोठेपणा वाटला तर वाटू द्या. माझ्या घरात माझ्या शब्दावर शब्द कुणी टाकला नव्हता. तो पहिल्यांदा पडला अमेरिकेतनं, आणि तोही इंग्रजीत.

शतक संपायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. पोरगा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत, सून वाईची, शिकलेली, आणि नातू वर्षाचा होत आलेला. त्याचं जावळ काढायचं राहिलं होतं. आमचं मूळ गाव साताऱ्याकडं. कुलदैवत गावामागच्या डोंगरावर. आमच्यात पोराच्या डोक्याला पहिली कात्री तिथंच लागते, मामाच्या मांडीवर. मग बोकड, मग भावकीची पंगत. माझं तिथंच झालं, माझ्या पोराचं तिथंच झालं. उन्हाळ्यात पोरगा बायको-मुलाला घेऊन येणार, असं फोनवर ठरलं होतं. सुनेच्या भावाला मी वाईला जाऊन आवतण देऊन आलो होतो. भावकीला सांगून झालं होतं. पोरगा फोनवर एकदोनदा म्हणाला होता, "दादा, त्याला सारखी सर्दी हुतीय, छाती वाजती." मी म्हणालो, "ल्हान पोराला सर्दी व्हनारच. तू काय कमी शेंबडा हुतास?" त्यानं विषय बदलला.

माझी पोरगी विश्रामबागेत दिलेली. तिच्या घराजवळ नवीनच सायबर कॅफे निघाला होता. एका रविवारी ती म्हणाली, "दादा, चला, नातवाचा फोटू आलाय, दावते." मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. लाकडी फळ्यांच्या खुराड्यात आम्ही दोघं बसलो. फोटो वरनं खाली हळूहळू उतरत होता. आधी भिंत दिसली, मग केस. काळेभोर, कानावर आलेले. मला लय बरं वाटलं. म्हटलं, राखलंय. बाकीचं तोंड येईपर्यंत मी त्या केसांकडंच बघत होतो.

फोटो बघून झाला तरी पोरगी उठेना. दुसरं काहीतरी उघडून वाचत बसली आणि वाचता वाचता मान खाली घालायला लागली.

"काय हाय?"

"काय न्हाई. वहिनीनं सांगितलेली जागा हाय. आपल्याकडच्या, तिकडं गेलेल्या बायका हितं लिवत्यात. सयपाकाचं, पोराबाळांचं. एकीनं विचारायचं, बाकीच्यांनी सांगायचं."

"म्हंजी चावडीच की. वाच."

"दादा, इंग्रजीत हाय."

"मग मराठीत वाच."

तिनं वाचलं. कुणी एक बाई विचारत होती की आमच्या एफआयएलला मुलाचं जावळ डोंगरावर, सगळ्या गावासमोर काढायचंय. मुलाची छाती भरते, डॉक्टर धुळीला नको म्हणतात. डीएच वडलांपुढं तोंड उघडत नाही. एमआयएल कळवळ्याची आहे, पण तीही बोलत नाही. एफआयएलला कसं सांगू?

"ही सगळी कोन मानसं?"

पोरगी पडद्याकडंच बघत बोलली. "बोटं दमू नयेत म्हून बारीक करून लिवत्यात, दादा. एमआयएल म्हंजी सासू. डीएच म्हंजी लाडका नवरा."

"आन् एफआयएल?"

"सासरा."

"कुनाचा?"

मी पडद्यावर खाली बघितलं. लिहिणारीचं नाव होतं, तेवढी इंग्रजी अक्षरं मला लागतात. ते माझ्या सुनेचं माहेरचं नाव होतं. लग्नात आमच्या पोरानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. लिहिलं त्यानं, ठरवलं होतं मी. आमच्या आज्जीचं नाव होतं ते. इथं त्याचा पत्ताच नव्हता.

गिरणीत आम्हाला बिल्ल्याच्या नंबरानं हाक मारायचे. नवीन साहेब आला की मी मुद्दाम वळायचो नाही. तो जवळ येऊन नावानं बोलला की मग "जी साहेब". आमच्यावरचा मुकादम, जॉबर, म्हणायचा, "लय ताठ हायस गड्या, मोडशील." मोडलो नाही. आणि आता घरच्याच माणसानं मला तीन अक्षरांत बसवलं होतं.

"खाली लोकांनी काय लिवलंय?"

तिथं भांडण जुंपलं होतं. एक बाई म्हणत होती, सासऱ्याला सासरे लिहायला काय हात झिजतात का, ते काय मोटारीचं मॉडेल आहे? दुसरी म्हणाली, कडेवर पोर घेऊन एका हातानं लिहून बघा, मग शिकवा. तिसरीनं लिहिलं होतं, मला सासऱ्याचं चालेल, पण नवऱ्यामागं लाडका लावायची सक्ती नको, आमचा तसला नाही. त्यावर पोरगी हसली, आणि माझं तोंड बघून पुढं वाचायला लागली. एक बाप्या होता, तो म्हणाला, आपल्याकडं तरी बायका वडीलधाऱ्यांचं नाव कुठं घेतात, हे त्यातलंच समजा, आणि घरचं बोलायचं तर नाव झाकलेलं बरं. त्याला चार जणींनी झोडपला. असं खालपर्यंत. जावळाचं कुणीच काही बोललं नव्हतं.

मी म्हटलं, "लिव. मी सांगतो."

"दादा, हितं आसं लिवत न्हाईत."

"चावडीवर आपलं नाव निघालं तर मानूस काय करतो? घरी जाऊन उत्तर देतो? तितंच उभं ऱ्हाऊन देतो. लिव."

तिनं दोनदा माझ्याकडं बघितलं. पण आमच्या घरात मला नाही म्हणायची पद्धत नव्हती. तिनं लिहायला घेतलं.

मी सांगितलं की, तो सासरा मी आहे. मला अक्षरं लावू नका, मला नाव आहे. मी कुणाच्या दारात हात पसरायला गेलेलो नाही. माझ्या नातवाचं जावळ देवाच्या डोंगरावरच निघंल. आणि जिनं हे विचारलंय तिलाही नाव आहे, ते मी दिलंय, ते सोडून दुसरं कशाला लावलंय ते तिला विचारा. मग खाली माझं पूर्ण नाव घालायला लावलं. तिचं सासरचं नाव घालायला लावलं. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. निनावी कागद कधी खरा धरत नाहीत, हे मला गिरणीच्या युनियनमधनं ठाऊक होतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती जोंधळे पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"तिनं तुमचं नाव घेतलं न्हाई म्हून राग आला व्हय?"

"मग?"

"मी तरी कवा घेतलं? लगीन झाल्यापासनं 'आवं' म्हन्तीय. तवा बरा राग आला न्हाई?"

"त्याच्यात मान असतो."

"आन् तुमी मला 'अगं ए' म्हन्ता त्याच्यात?" तिनं सूप जोरात झाडलं. "पोरीला सांगा, ते पुसून टाक म्हनावं."

मी सांगितलं नाही. माझ्या नावानिशी लिहिलेलं मी का पुसू?

पुढच्या रविवारी पोराचा फोन आला. नेहमी तो आधी आईला मागायचा. त्या दिवशी मला मागितलं.

"दादा, हे काय करून ठेवलंत?"

"खोटं काय लिवलंय?"

"खोटं न्हाई वो. पन नाव का घातलंत? हितली आपली सगळी मंडळी वाचत्यात ते. काल हितल्या मराठी मंडळात बायका तिला विचारत होत्या, ती तूच का म्हून. ती जेवन टाकून घरी आली. नाव कळू नये म्हून तर ती माहेरच्या नावानं लिवत हुती. ती तीन अक्षरं बी तुमचं कळू नये म्हून."

"माझं कळलं तर काय हुतंय? मी चोरी केलीय?"

तिकडं फोन हातातनं हातात गेल्यासारखा आवाज झाला. मग सून बोलली. ती माझ्याशी फोनवर "नमस्कार मामंजी, बरे आहात ना" यापलीकडं कधी बोलली नव्हती. त्या दिवशी नमस्कार नव्हता.

"मामंजी, मी तुम्हाला नावं ठेवायला गेले नव्हते. तुम्हाला कसं सांगायचं तेवढंच विचारत होते. आता सरळच सांगते. त्याला धूळ सोसत नाही. आम्ही येत नाही."

"देवाचं ते देवाचं, सूनबाई. त्यात मागंपुढं न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बोलता आलं असतं.

उन्हाळा तसाच गेला. भावकीला काय सांगायचं म्हणून मी गावाकडं जायचंच टाळलं. पोरीला एकदा विचारलं, तिथं काही लिहिते का सून? पोरगी म्हणाली, "तितं न्हाई लिवत आता. आनी मला बी काय कळवत न्हाई." कुठंतरी लिहीत असेलच. तिथं मला काय म्हणत असेल, याचा विचार मी नको म्हटलं तरी डोक्यात यायचा.

दिवाळीच्या पुढं पोरगा एकटाच आला. जेवण झाल्यावर त्यानं बॅगेतनं पांढऱ्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. आत केस होते. फोटोत बघितलेले तेच.

"तिनंच काढलं, घरी. म्हनाली, मामंजींना द्या, देवाला घालतील."

"देवाला काय दावू? डोकं तिकडं आन् केस हिकडं?"

"दादा, तिला न्हाई पाठवायचे आसते तर तिनं कचऱ्यातच टाकले आसते."

मी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी बायकोनं मला न विचारता पोराला आणि पोरीला घेऊन साताऱ्याची एसटी धरली. मला सांगितलं ते चप्पल घालून झाल्यावर. "आमी डोंगराला निगालो. सूनबाईच्या भावाला वाईतनं बोलावलंय. तुमी येतासा का?" मी म्हणालो, "पोराबिगार जावळ म्या ऐकलं न्हाई." ती उंबरा ओलांडून गेली. मी दिवसभर घरात बसलो. भाकरी झाकून ठेवली होती, ती तशीच राहिली.

दिवेलागणीला ती तिघं आली. सगळ्यांचे पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे झालेले. बायकोनं नारळाचा तुकडा माझ्यापुढं ठेवला आणि पदरानं तोंड पुसत बसली.

मी विचारलं, "मामा कुटं बसला?"

"नेहमीच्या जागीच. मांडीवर फडकं घिऊन."

मग ती खोकायला लागली. बराच वेळ खोकत होती. पाणी पिऊन म्हणाली, "डोंगरावर लय वारं हुतं आवं. मातीनं डोळं उघडत न्हवतं. लेकराला सोसलं नसतं."

पोरगा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी नारळाचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिलो.