माहेरपणाला आलेली

"ती व्हय? माहेरपणाला आलीया," दादा खुर्चीतनं म्हणाला.

आष्ट्याला भावाच्या घरी येऊन तवा मला कैक वर्षं झाली होती. नवऱ्यानं दुसरी आणलेली. कोर्ट न्हाई, कागद न्हाई. आमच्याकडं टाकलेली बाई माहेरपणालाच आलेली असते. गळ्यात मणी ठेवायचे, म्हणजे घराची अब्रू राहते.

सर्व्हेची पोरगी ओसरीवर बसलेली, हातात टॅब. मी चहा घेऊन उभी. प्रश्न माझ्याबद्दलचे, विचारत होती दादाला.

"लग्न झालंय यांचं?"

"व्हय की. मालक पुण्याला असत्यात."

"कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन?"

"झालंय. तिच्या राजीखुशीनं."

राजीखुशीनं. दुसरी मुलगी पोट फाडून काढली, तवा ऑपरेशनची सही नवऱ्यानं केली. मला शुद्धीवर आल्यावर कळलं. आणि मग हिला आता पोरगा व्हायचा न्हाई, म्हणून त्यानंच मला इथं आणून सोडलं.

मी म्हटलं, "ताई, मी सांगू का?"

ती वर न बघता म्हणाली, "मावशी, घरातले सांगतायत ना. तुम्ही गोंधळ करू नका."

दादा हसला. "चहात साखर टाकायला इसरती, ही काय सांगती."

मला राग आला नाही बघा. काहीच आलं नाही. आत जाऊन कपबश्या विसळल्या.

पुढं सांगलीला बचत गटाच्या मेळाव्यात एक साहेब बोलले. सर्व्हेत दिसतंय म्हणाले, आपल्याकडं घटस्फोट नावालाच, आणि ऑपरेशन बायका स्वखुशीनं करून घेतात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शेजारी आमच्या गटातली वत्सला वाजवत होती. तीही माहेरपणालाच आलेली. माझे हात थांबले. साहेबांचा आकडा म्हणजे आम्हीच की. आणि आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

परवा पुन्हा एक मुलगी टॅब घेऊन आली. आता दादाची लेक माहेरपणाला आलीय. दादानं खुर्ची ओढली. मी ती त्याच्या हातातनं घेतली आणि लेकीला बसवलं.

"दादा, तू आत जा."

"आगं, लोकं काय म्हणतील?"

"चहा ठीव जा."

लेकीनं मान वर केली. म्हणाली, "टाकलीया मला."

मी म्हटलं, "आता माझंबी घ्या."

"मावशी, पन्नाशीच्या आतल्याच बायका घेतो आम्ही."

नका घेऊ. माझ्या नावावरचं खोटं त्या आकड्यात तसंच राहणार. पण या घरातनं दुसरं जाणार नाही.