एक हजार नऊ फरश्या

मिस्त्री कुठंही निघाला तरी आधी त्याच्या मिशा पोचत. फरशी तो अशी बसवायचा की वर गोटी ठेवली तर कुठं घरंगळावं हे तिला कळू नये. फरशी तोडायची नाही आणि एकही उरवायची नाही, हा त्याचा ताठा.

शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी त्याला बोलावलं. याच बाईंनी त्याला गणितात दोनदा नापास केलं होतं. अंगणात फरश्यांची चळत उभी होती.

"या सगळ्या लाव. चार कोपऱ्यांचा सरळ चौकोन हवा."

"एक जरी उरली तर मिशा उतरवतो, बाई!"

"मोजल्यास का?"

"त्यात मोजायचं काय?"

बाई हसल्या. तिथंच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

फरश्या निघाल्या एक हजार नऊ. त्यानं दोरी ताणून सात-सातच्या ओळी मांडल्या, एक उरली. आठ-आठच्या मांडल्या, एक उरली. नऊ-नऊच्या, बारा-बाराच्या, पुन्हा एकच. ही दर वेळी तीच अवदसा असणार, असा त्याला संशय आला. त्यानं तिच्यावर खडूनं फुली मारली आणि तिला पहिल्या ओळीत पहिलीच दाबून बसवली. मग चौदा-चौदाच्या ओळी केल्या. एक उरली, आणि तिच्यावर फुली नव्हती.

"सगळ्या फितूर झाल्यात," तो घरी बायकोला म्हणाला.

"अहो, एक फोडा नि मोकळे व्हा."

"मी? फरशी फोडू?"

"मग वस्तरा काढून ठेवते."

चौथ्या दिवशी बाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या. "कुठवर आलास?"

"तेवीस. हजारापर्यंत बघणार."

"एकतीसपर्यंत बघ, पुरे. बत्तीस ओळी केल्यास तर ओळीत बत्तीसपेक्षा कमीच फरश्या येतील. तीच मांडणी उभ्याची आडवी, तू आधीच करून बसलेला."

एकतीसला सतरा उरल्या.

"मूळ संख्या आहे ती. एक आणि ती स्वतः, या दोघांशिवाय कुणाचाही भाग जाऊ देत नाही."

मिस्त्रीला मूळव्याध आठवली. तीही अशीच बसू देत नाही. हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"बाई, एकाचा भाग जातो म्हणालात? मग एकच ओळ केली तर? कोपरे चारच की!"

बाईंनी चष्मा पुसला. "चारच."

बाईंच्या दारापासून एक फरशी रुंद अशी वाट निघाली. अंगण संपलं, पण पुढचा माळ मोकळाच होता. फरशीवाला मागं-मागं सरकत काम करतो; आपण कुठं चाललोय ते त्याला दिसत नाही. कितीतरी दिवसांनी हातात ती फुलीवाली तेवढी राहिली. ती ठोकून बसवताना त्याची पाठ कशाला तरी टेकली.

"अहो," वरून आवाज आला, "आत यायचंय का?"

तो स्वतःचाच उंबरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाटेवरून, पायाला चिखलाचा ठिपकाही न लागता, बाई आल्या. खुर्चीत बसल्या.

"हं, पाढे म्हण."

मिशा वाचल्या होत्या. त्यांच्याआडून त्यानं बारापर्यंत म्हटले. तेराला खोकला आला.