कॅरियरवरची जागा

आमचे हे सायकलवर जागच्या जागी उभे राहायचे. पुढे नाही, मागे नाही, पाय जमिनीला नाही. हँडल जरासं वाकडं, ब्रेकवर दोन बोटं, आणि चेहरा फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा. नाव लहू घाडी. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच मी हे नाव घेतलं, पण लिहिताना कोण अडवतंय? काळाचौकीला आमच्या चाळीत आणि आजूबाजूच्या चाळींत या माणसाची कीर्ती होती, आणि मी रखमा त्याची बायको, जिला त्याने कॅरियरवर वर्षानुवर्षं बसवलं नाही. माझं सगळं म्हणणं या एका जागेबद्दल आहे.

हे देवगडकडचे. मिसरूड फुटायच्या आधी मामाच्या आधाराने मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्याला, म्हणजे मागांवर, लागले. दोन साच्यांच्या मधल्या बोळातून दिवसभर जा-ये करायची, कुठे धक्का लागता कामा नये. तिथेच अंग चोरायला शिकलो, असं म्हणायचे. सायकल एका दूधवाल्याकडून घेतलेली, जुनी, काळी. रविवारी मैदानात जाऊन विटा मांडायचे, विटांवर फळी टाकायचे आणि फळीवरून सायकल न्यायचे. मी नवी नवरी होते. मला वाटलं, आईवडिलांनी चौकशी नीट केली नाही.

गणपतीत आमच्या मंडळाची स्पर्धा असायची, 'पाय न टेकता'. चाळीच्या पटांगणात वाट आखलेली. आधी विटांवरची फळी, मग गटारावरची अरुंद फळी, मग ओट्याच्या पायऱ्या उतरायच्या आणि शेवटी चुन्याने काढलेल्या गोलात सायकल उभी करायची. तात्या पंच. ते उकिडवे बसून आकडे मोजायचे, आणि गोलात जो जास्त आकडे टिकला तो जिंकला. मध्ये कुठेही पाय टेकला की तात्या ओरडायचे, "पाय!" आणि माणूस बाद. तात्या फक्त पायांकडे बघायचे. बिचाऱ्यांना चाळीतली निम्मी माणसं तोंडावरून ओळखू यायची नाहीत, चपलेवरून यायची.

ही स्पर्धा हे दर वर्षी जिंकायचे. एवढ्याने भागायचं नाही. ठाकूरद्वारच्या एखाद्या वाडीत असं काही आहे असं कळलं की तिथे बघायला, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये असलं की तिथे. घरी येऊन पोळपाट-लाटणं घेऊन मला दाखवायचे, तिथल्या पोराने पायरी कशी घेतली. मी म्हणायचे, माझा भात करपतोय. पुढे केबल आल्यावर परदेशातली माणसं खडकांवरून सायकली उडवताना दिसायला लागली, तेव्हा हे जेवण सोडून बघत बसायचे. सगळं बघून एकदा म्हणाले, "भारी आहेत. पण यांच्या मागे कोण बसत नाय." मी ताट उचललं आणि मोरीत नेऊन आपटलं. कारण मागे बसण्याचा विषय आमच्या घरात काढायचा नसतो.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा बसले होते. लालबागला निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशीच यांनी सायकल थांबवली आणि म्हणाले, "रखमा, तू हलतेस." मी उतरले. दोघं चालत गेलो. नंतर मी विचारलं नाही आणि यांनी बोलावलं नाही.

मग ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. तोपर्यंत माझी खाणावळ होती. सात-आठ गिरणीवाले माझ्याकडे जेवायचे. दोन महिने त्यांनी कळ काढली आणि एकेक करून गावाला गेले. माझी मोठी पातेली पालथी पडली. यांच्या हाताला काम नाही, माझ्या चुलीला काम नाही. तेवढ्यात यांना कमलाबाई भेटली.

कमलाबाई शिवडीच्या कोळीवाड्यातली. भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायची आणि लालबागच्या बाजारात विकायला बसायची. नवरा बोटीवर. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण अंबाड्यात वेणी अशी की रोज हिचं लग्न. यांनी हँडलपुढे लोखंडी चौकट बसवून घेतली. मोठी पाटी चौकटीत, कमलाबाई कॅरियरवर, आणि तिच्या डोक्यावर लहान पाटी. रोज पहाटे हीच वरात. त्या कमाईवर आमची चूल पेटायची, वर निवडून उरलेली मासळीही मिळायची. पहिल्या दिवशी तर मी देवापुढे साखर ठेवली.

एका सकाळी मी गॅलरीत केस विंचरत होते आणि हे दोघं खालच्या रस्त्याने गेले. तिने यांना धरलंसुद्धा नव्हतं. एक हात पाटीला, दुसरा मांडीवर. समोरून ट्रक आला, यांनी सायकल कडेला घेतली, जागेवर उभी केली, ट्रक जाऊ दिला आणि पुढे निघाले. पाय टेकला नाही. बाई तसूभर हलली नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात हे घरी येऊन कौतुक करायचे. "काय बसते ती बाय! मागे कोण आहे कळतच नाय." माझ्या हातचं खाऊन सात-आठ जण बोटं चाटायचे, पण या माणसाने कधी एवढ्या तोंडभरून काही म्हटलं नव्हतं. आणि मी बोलणार काय? तव्यावर तिचेच बांगडे होते. तिचेच बांगडे तळायचे आणि तिच्याच नावाने बोटं मोडायची, असे ते दिवस होते.

त्या वर्षी मंडळाकडे वर्गणी जमली नाही. ऑर्केस्ट्रा रद्द झाला, मग गर्दी जमावी म्हणून स्पर्धेत नवीन प्रकार काढला, डबलसीट. शेजारचा जगन आपल्या बायकोला घेऊन उतरला. कुणी बहिणीला घेतलं, कुणी भाच्याला. आणि आमचे हे उतरले ते कमलाबाईला घेऊन. मला एका शब्दाने विचारलं नाही. मी गॅलरीत, सगळी चाळ गॅलरीत, आणि ही बाई भर पटांगणात माझ्या नवऱ्याच्या मागे. गोलात हे दोघं इतका वेळ उभे राहिले की मोजून मोजून तात्यांचा घसा बसला.

फोटो निघाला. तो मंडळाच्या खोलीत लावला, आणि खोली नळाच्या वाटेवर. रोज कळशी भरायला जाताना मी तो बघायची. बक्षिसाचा स्टीलचा टोप कमलाबाईने माझ्या दारात आणून ठेवला. "ठेव गो तुना. मना घरान जागा नाय." मी तो माळ्यावर फेकला. शेजारणी म्हणाल्या, रखमा, चांगला टोप आहे. चांगला होता, म्हणूनच फेकला.

पण त्या फोटोकडे रोज बघून बघून मला एक गोष्ट दिसली. कमलाबाई कॅरियरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली होती. तिचं लुगडं कासोट्याचं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी बसले होते गोल पातळ नेसून, एका अंगाला, दोन्ही पाय एकीकडे. सगळा भार डावीकडे टाकून बसल्यावर सायकल हलणार नाही तर काय? मला पहिल्यांदा वाटलं की त्या बाईत काही जादू नाही. कासोट्यात आहे.

मी सासूबाईंकडे नऊवारी मागितली. सखुबाई माझी सासू, आमच्याकडेच असायची, जिभेला हाड नाही. "माझा लुगडा तुका कित्याक व्हया? घोवाक सोडून खंय पळान जातंस की काय?" मी म्हटलं, पळायचं नाही, बसायचं आहे. कारण सांगितलं तेव्हा म्हातारी हसून हसून खोकली आणि मग स्वतःच्या हाताने कासोटा घालून दिला. "आमी असोच कासोटो मारून भाताची लावणी केली. तुमकाच लाज वाटता."

दुपारी हे झोपले की मी व्हरांड्यात सायकल स्टँडवर चढवायची आणि कॅरियरवर बसायची, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन. सुरुवातीला रोज आंघोळ झाली. जगनची बायको येता-जाता विचारायची, "वहिनी, कुठवर पोचलात?" मी म्हणायचे, शिवडीपर्यंत. पुढे पुढे पाणी सांडेना. ऊन तोंडावर, डास चावतोय, शेजारचं मूल रडतंय, तरी मी हलत नसे. कमलाबाई पाटीसाठी शिकली असेल, मी तिच्यासाठी शिकले.

पुढच्या गणपतीपर्यंत काही गिरण्यांची धुराडी पुन्हा सुरू झाली होती, पण आत गेलेल्यांत यांचं नाव नव्हतं. हेही गेले नाहीत आणि कुणी बोलावलंही नाही. धक्का आणि लालबाग, लालबाग आणि धक्का. स्पर्धेची पाटी लागली त्या दिवशी मी जेवताना म्हटलं, "यंदा डबलसीटला मी बसणार."

हे घास चावत राहिले. मग म्हणाले, "रखमा, मी जिंकायला उतरतो."

हे वाक्य मी अजून विसरले नाही. मी म्हटलं, "मग मी जिंकायलाच बसेन. नाहीतर उद्यापासून जेवायला तिच्याकडे जा." सासूबाई म्हणाल्या, "बसव रे तिका. लुगड्याचो पार चोळामोळो करून ठेयलो हा."

कमलाबाईला कळलं तेव्हा ती खुशाल हसली. "बस गो बस. माजी कंबार मोडली त्या कॅरियरवर." ज्या जागेसाठी मी वर्षभर जळले ती जागा तिने माशाचं डोकं मांजरापुढे टाकावं तशी टाकली. मला तेही सहन झालं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी कासोटा घालून खाली उतरले तेव्हा गॅलऱ्यांतून शिट्ट्या आल्या. मी वर बघितलं नाही. बसले. हे निघाले. फळी गेली, गटार गेलं. मी श्वास पोटात धरून ठेवला होता. पायऱ्यांवर दोनदा दणका बसला, माझे दात एकमेकांवर आपटले, पण अंग जागचं हललं नाही. पायऱ्या उतरल्यावर हे हळूच म्हणाले, "रखमा, आहेस ना मागे?"

आता सांगा, एवढं ऐकल्यावर मला आणखी काय हवं होतं? यांना मागे कोणी आहे हे कळत नव्हतं. भर पटांगणात माझा ऊर भरून आला.

बाकी सगळे बाद झाले होते. जगन आणि त्याची बायको गोलात बऱ्यापैकी टिकले होते, आणि त्यांच्यापेक्षा एक आकडा जास्त उभं राहिलो की बक्षीस आमचं होतं. आम्ही गोलात आलो. हँडल वाकडं झालं, सायकल थांबली. तात्या मोजायला लागले. जगनचा आकडा जवळ आला तशी पुढच्या चाकाला थरथर सुटली. यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, कोळणीचा, बाजार उठवणारा. "लहू! डावा खांदा सोड!"

आणि यांनी सोडला. लगेच. शाळेतल्या पोराने बाईंचं ऐकावं तसा. थरथर थांबली, सायकल एकदम स्थिर झाली.

तिने चुकीचं सांगितलं असतं तर मी गिळलं असतं. पण बरोबर होतं. नवरा अवघडला की डावा खांदा ताठ करतो हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी या माणसाला जेवायला वाढलं, ताप आला तर पाठ चोळली, आणि त्याचा खांदा ओळखत होती ती. रोज पहाटे डोळ्यांसमोर तोच खांदा असायचा ना तिच्या. मी मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं. फक्त मान. कळशी असती तर पाणी सांडलं नसतं, इतकीच.

"पाय!" तात्या ओरडले.

वरून सगळी चाळ हळहळली. जगनच्या बायकोने टाळी वाजवली, मग जीभ चावली. हे एक पाय जमिनीवर ठेवून तसेच थांबले होते. वळलेही नाहीत. "हललीस ना?" एवढंच म्हणाले.

"हलले," मी म्हटलं, आणि मग माझं तोंड सुटलं. चाळ ऐकतेय याची पर्वा केली नाही. "ती नाही हलत, कारण तिला तुमचं काय पडलंय? तिचा जीव पाटीत. तुम्ही पडलात तर ती आधी मासे गोळा करेल. मी तुमची बायको आहे. मला नाही येत असं दगडासारखं बसता. आणि शिकायचंही नाही आता."

सगळ्यांत आधी हसली ती कमलाबाईच. "खरा बोलली गो! मासेच गोला करीन मी!" मग अख्खं पटांगण हसलं. मला रडू फुटत होतं. मी उतरायला एक पाय वर घेतला.

"उतरू नको," हे म्हणाले.

"झालो ना बाद?"

"बाद झालो. म्हणून म्हणतो, बस."

यांनी दोन्ही पाय जमिनीला लावले. पायडलवर नाही, सरळ जमिनीवर. आणि लहान पोरं ढकलतात तशी पायांनी ढकलत सायकल पुढे काढली. ज्यांचा पाय कधी टेकला नाही म्हणून नाव होतं, ते दोन्ही चपला फरफटत, सगळ्यांसमोर, पटांगणाला चक्कर मारायला निघाले. पोरं मागे धावत होती. तात्या खाली बसल्या जागेवरून बघत राहिले. एवढा पाय टेकलेला त्यांनी आयुष्यात पाहिला नसेल.

आता हलायला मोकळीक होती. मी मनसोक्त हलले. नाक पुसलं, पदर सारखा केला, जगनच्या बायकोकडे वळून बघितलं. मग मी यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. खांदा खरंच ताठ होता, कमलाबाई म्हणाली तसाच. मला त्याचाही राग आला, पण मी हात काढला नाही.