खंडेनवमीला घासलेली काच

विद्यापीठाच्या नामांतरावरून कॉलेजं आज बंद, उद्या सुरू, असं चाललं होतं त्या वर्षांतली गोष्ट. सेलूत मुलींचा हॉकीचा संघ होता, हे सांगितलं की आजही लोक माझ्याकडे संशयाने बघतात. होता. मोजून अकरा जणी होतो आणि गोलात मी उभी राहायची, कारण पळायचा मला मनापासून कंटाळा.

एकदा चेंडू भुवईवर बसला आणि तीन टाके पडले. वडील जिनिंगमध्ये फिटर होते, फार बोलत नसत. "तोंड झाकून खेळणार असशील तर खेळ, न्हाईतर घरी बस," एवढंच म्हणाले. खेळाच्या सरांनी मग आपल्या फटफटीवरचं हेल्मेट मला देऊन टाकलं. त्याला समोर हनुवटीपर्यंत येणारी प्लास्टिकची काच होती. त्या काचेतून जग जरा पिवळट दिसायचं, पण चेंडू दिसायचा.

त्या वर्षी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी परभणीला सामना होता आणि तिथेच जिल्ह्याचा संघ निवडणार होते. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याची त्याची कामाची हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडत. वडिलांचे पाने, हातोड्या, आईची विळी, शिलाई मशीन. या खेपेला आईने माझी स्टिकही मांडली आणि शेजारी हेल्मेट. पोरीचं हत्यार म्हणून ते पाटावर बसलं, या आठवणीने आता भरून येतं. तेव्हा मी फक्त काच बघितली. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन आईने ती तांब्या घासावा तशी घासली होती आणि वर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. डोक्यात घालून पाहिलं तर समोरची भिंतही ओळखू येईना.

मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते. "तुला काय कळतंय हॉकीतलं? हारले तर तुझ्यामुळंच हारंन," असं म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले. आईने हेल्मेट उचललं, पदराखाली घेतलं आणि ती बाहेर पडली. मीही फणफणत मागे गेले.

स्टेशनच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. घड्याळाच्या काचेवरचे ओरखडे ते घालवतात, हे आईला ठाऊक होतं. डोळ्यावरचं भिंग न काढताच चाचांनी हेल्मेट हातात घेतलं.

"राखनं घासली? बाई, हे प्लास्टिक हाय, भांडं न्हाई," ते म्हणाले. "जाईल हे. पण घड्याळाची काच रुपयाएवढी, ही परातीएवढी. माझ्या हातात आता तेवढा दम न्हाई."

"मला दाखवा. मी करते," आई म्हणाली.

त्यांनी एका कोपऱ्यात करून दाखवलं. आधी एकदम बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ओरखडे बुजेपर्यंत फिरवायचा. त्याने काच आणखी धुरकट होते, तेव्हा घाबरायचं नाही. मग मलमलीच्या चिंधीवर टूथपेस्ट घेऊन गोल गोल घासायचं, आणि पेस्ट वाळत आली की पाण्याचा थेंब. "जोर न्हाई लावायचा बाई. सबर ठेवायचा," चाचा म्हणाले.

आम्ही सगळे मंजनवाले. घरात टूथपेस्ट पहिल्यांदा आली ती या काचेसाठी. दसऱ्याचा अख्खा दिवस आईने त्यात घातला. सोनं द्यायला आलेल्या बायकांकडून तिने पांढऱ्या बोटांनीच पानं घेतली. मधूनच ती हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घालायची आणि अंगणातलं काय दिसतं, काय दिसत नाही ते बघायची. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिने लक्ष दिलं नाही.

"चेंडू येतो तवा तू कुठून बघतीस?" तिने मला विचारलं. मी फुगलेलीच होते, तरी वाकून दाखवलं. मग तिने डोळ्यांसमोरचा तेवढा पट्टा पुन्हा पहिल्यापासून धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पट्टा लख्ख झाला. कडा धुरकटच राहिल्या, पण मला कडांशी काय करायचं होतं? पुढे मी मोठमोठे कारागीर पाहिले. एवढ्या निगुतीने काम करणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही, आणि तिला तर त्या खेळाचे नियमही ठाऊक नव्हते.

परभणीला आम्ही एका गोलने हरलो. जिल्ह्याच्या संघात गोलासाठी परभणीचीच मुलगी गेली. परतीच्या गाडीत मैत्रिणी म्हणाल्या, "तुझी काचच खराब होती, तू तरी काय करशील?" खोटं नाही सांगत, ते ऐकायला बरं वाटलं.

आई दारातच उभी होती. माझा चेहरा बघून काय ते समजली. "दिसला न्हाई का चेंडू?" तिने विचारलं.

"दिसला," मी म्हणाले. "समोरच्या पोरीनं मारला तिथपासून गोलात जाईपर्यंत सबंध दिसला. मीच उशिरा आडवी पडले."

आई उंबऱ्यावर बसली. पदराने तोंड पुसलं.

"मंग हारलीस ती तू हारलीस," ती म्हणाली. "माझी काच चांगली होती. जा, हातपाय धू."