माजिवड्याच्या सिल्वेस्टरने लिहिलेला बायजाचा अर्ज

माजिवड्याचा सिल्वेस्टर ठाण्याच्या कोर्टासमोर, माझ्या शेजारच्या सतरंजीवर बसून लोकांचे अर्ज लिहायचा. तोंडाचा महाफटकळ. आम्ही बाकीचे ‘मायबाप सरकार’ करत अर्धा कागद रडण्यात घालवायचो. हा गिऱ्हाइकावरच खेकसायचा, “रडू नको! तुझं म्हणणं एका वाक्यात सांग. त्याला पुरावा काय? समोरचा काय म्हणेल, तेही सांग. नाहीतर ऊठ!” गिऱ्हाईक उठून माझ्याकडे यायचं.

इंग्रजांच्या राज्यात एका साली खाडीकाठच्या एका गावात मारामारी झाली. मिठागराचा मुकादम तानाजी बांधाचं दार उघडून भरतीचं खारं पाणी भातशेतात सोडत होता. शेत भिवाचं, तो आडवा गेला. तानाजीने पहार घातली, भिवाचा खांदा फुटला. भिवाने कोयता उचलला आणि त्याच्या मानेवर घातला. तानाजी तिथेच चिखलात पडला, आचके देत मेला.

मग गावाने काय शहाणपण केलं? गावदेवीपुढे नारळ ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली, सांगायचं एकच: भिवा त्या दिवशी लग्नाला गेलेला. कोर्टात एकूण एक साक्षीदार तेच वाक्य पोपटासारखा बोलला. जज्ज काय दूधखुळा होता? फाशी ठोकली.

आता उरला गव्हर्नरसाहेबाकडे दयेचा अर्ज. तो करायला भिवाची आई बायजा आणि भाऊ राघो सिल्वेस्टरकडे आले. त्याने पहिली ओळ लिहून वाचून दाखवली: “माझ्या मुलाने तानाजीला मारलं, हे खरं आहे.”

“हरामखोरा, तू आमचा का त्यांचा?” राघोने लाथ घातली. दौत उडाली. सिल्वेस्टर कोसळला तसा राघोने त्याचा उजवा हात पायरीवर दाबला आणि दगडाने बोटं ठेचली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. चौघांनी मिळून राघोला ओढला.

सिल्वेस्टरच्या तोंडातून रक्त येत होतं, तरी ओरडला माझ्यावरच. “बघतोस काय मेल्या? लेखणी घे!” मग बायजाला म्हणाला, “बाई, त्यांना जे ठाऊक आहे ते आधी आपणच कबूल करायचं. तरच पुढचं ऐकतील. पहिला वार तानाजीचा. खांद्याची जखम डॉक्टरने पाहिलीय. पाणी शेतात शिरलेलं अख्ख्या गावाने पाहिलंय. एवढंच लिहायचं, एक शब्द वाढवायचा नाही. पण तुझी शपथ मोडेल.”

“आये, देवी कोपंल!” राघो किंचाळला.

“कोपू दे! फासावर माझा पोर चाललाय,” बायजा म्हणाली. मी तसंच लिहिलं, आणि तिने कागदावर सहीच्या जागी बांगडीची निशाणी काढली.

गावाने तिचं खोपट जाळलं. जाळणाऱ्यांत राघो होता. सिल्वेस्टरने मात्र त्याच्यावर फिर्याद केली नाही. म्हणायचा, “आधी अर्जाचा निकाल लागू दे, मग त्या राघोला बघतो!”

निकाल लागला. फाशी रद्द, भिवाला जन्मभर काळं पाणी. मी वाचून दाखवलं तेव्हा राघोही गर्दीत होता. बायजा सरळ त्याच्यापुढे गेली आणि त्याच्या थोबाडीत मारली. मग मारतच राहिली, त्याच्या नाकातून रक्त येईपर्यंत. त्याने हात वर केला नाही, आणि सोडवायला कुणी गेलं नाही.

“तुझं ऐकलं असतं ना,” ती हुंदके देत म्हणाली, “तर आज भिवाचं मढं न्यायला आले असते.”