गळ्यातलं काढून दिलं तेव्हा

आमच्या परभणीच्या कॉलेजात समुपदेशन कक्षाचा मी प्रभारी होतो. मूळचा मी मातीचा माणूस, मृदाशास्त्र शिकवणारा. पण वरून पत्र आलं की विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी एक खोली आणि एक प्राध्यापक हवा. मीटिंगमध्ये प्राचार्यांनी नजर फिरवली तेव्हा बाकीचे सगळे वहीत मान घालून बसले होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. झालं, माझं नाव लागलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र, आणि खेळाच्या सामानाची अडगळीची खोली झाडून तिथं माझं टेबल टाकलं. कॅरम बोर्ड भिंतीला तसाच राहिला, तो न्यायला कुणी आलंच नाही.

येणाऱ्या मुलाकडून मी छापील फॉर्म भरून घ्यायचो. झोप लागते का, भूक लागते का, जगण्याचा कंटाळा येतो का. पुढं होय-नाहीचे रकाने. खुणा मोजायच्या आणि शेरा मारायचा. कागदावर माझा भारी विश्वास. मातीच्या नमुन्याचा अहवाल खोटं बोलत नाही, मग पोरांचा कशाला बोलेल, असं मला खरंच वाटायचं.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास शेवटच्या वर्षाचा एक मुलगा आला. सेलू तालुक्यातला, देवगाव फाट्यापासून आत गाव, वडलांचं किराणा दुकान. अंगानं बारीक, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं. फॉर्म त्यानं पाच मिनिटांत भरला. झोप लागते, भूक लागते, कंटाळा नाही.

"मग आलास कशाला?" मी म्हणालो.

तो हसला. शर्टात हात घालून त्यानं गळ्यातला दोरा काढला. दोऱ्याला सुपारीएवढी चांदीची डबी होती.

"सर, हे तुमच्यापशी ठिवता का? हॉस्टेलात चोऱ्या व्हायल्यात."

यात मला वावगं काही दिसलं नाही. मुलं माझ्याकडे चेन, अंगठ्या, मोबाइल ठेवून जातातच. मी डबी पाकिटात टाकली, वर नाव, वर्ग, रोल नंबर लिहिला आणि पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. तो पाया पडून गेला. फॉर्मवर मी लिहिलं, समुपदेशनाची गरज नाही.

दुपारी अडीचला शिष्यवृत्ती विभागातल्या ताई शिक्का न्यायला आल्या. माझा ड्रॉवर त्या नेहमी स्वतःच उघडत. पाकिटातून दोरा बाहेर आला होता. त्यांचा हात तिथंच थांबला.

"सर, हे कुणाचं?"

मी नाव सांगितलं. "ठेवायला दिलंय."

"हे ठिवायला देत न्हाईत, सर."

ताई लिंगायत आहेत हे मला माहीत होतं. पंधरा वर्षं आम्ही एका इमारतीत काम करत होतो. पण त्या काय पाळतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी पदराआडून स्वतःच्या गळ्यातला दोरा जरासा दाखवला.

"इष्टलिंग हाय ह्यात. जन्मल्यावर बांधतात. ह्याची पूजा केल्याबिगर घास घ्यायचा न्हाई. आजकालची पोरं गळ्यात घालत न्हाईत, देवघरात ठिवतात, ते येगळं. पण परक्याच्या हातात कुणी देत न्हाई. आमच्यात माणसाला माती देताना हे त्याच्या हातावर ठिवतात."

मी फॉर्म काढून त्यावरचा त्याचा नंबर लावला.

त्याचा मोबाइल वाजत होता, तो उचलत नव्हता. खोलीतल्या जोडीदाराला फोन लावला. तो म्हणाला, जिंतूरच्या गाडीनं गेला, बॅग न्हाई नेली. मग अडखळत त्यानं बाकीचं सांगितलं. मुलानं दोन सत्रांपासून परीक्षाच दिली नव्हती. घरी मात्र पास झालो म्हणून कळवलं होतं, आणि येत्या रविवारी गावातल्या मठात त्याचा सत्कार ठरला होता. बॅनरसुद्धा छापायला टाकलं होतं.

प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेतला नियम मला पाठ होता. सर्वप्रथम पालकांना कळवावे. मी वडलांचा नंबर लावायला घेतला, तर ताईंनी फोनवर हात ठेवला.

"दुकानात गिऱ्हाईक असंल. चार माणसांत फोन उचलतेल ते. पोराच्या कानावर गेलं की बापाला कळलं, तर काय करंल ते? आधी पोरगं सापडू द्या."

मी भडकलो. माझा स्वभावच तसा आहे, भीती वाटली की मी आवाज चढवतो. म्हणालो, तुम्हाला यातले नियम माहीत नाहीत.

"न्हाईत माहीत. गाडी काढा."

गाडी काढली. ताईंनी डबी धुतलेल्या रुमालात घेऊन मांडीवर धरली आणि दुसऱ्या हातानं त्याचा नंबर लावत राहिल्या. झरी गेलं, तरी उचलेना. बोरी गेलं. समोर दिसणाऱ्या प्रत्येक एसटीच्या खिडक्या मी बघत होतो, आणि मनात एकच चाललं होतं, की माझ्या सहीचा तो शेरा फाइलमध्ये पडून आहे. मला मुलाची काळजी होती, आणि माझी स्वतःचीही होती. खोटं कशाला सांगू.

बोरीच्या पुढं त्यानं फोन उचलला. ताईंनी स्पीकर लावला आणि मला बोटानं गप्प राहायची खूण केली.

"शरणार्थ, बाळा. मी शिष्यवृत्तीच्या खिडकीतली ताई. आज पूजा केलास का?"

पलीकडून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"न्हाई."

"म्हंजी सकाळधरनं उपाशी हायस."

आणि तो रडायला लागला. देवगाव फाट्यावर होता. म्हणाला, घराकडं पाय उचलंना अन् माघारी फिरून करू काय, मला आता काहीच नको वाटायलंय. मी तोंड उघडलं. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत रस्त्याकडं बघायला लागलो. का केलंस, कशासाठी, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"फोनला चार्ज किती हाय?"

"बारा."

"हॉटेलात जा अन् चार्जर माग. आत बस, रस्त्याच्या कडंला न्हाई. तुझं तुझ्या हातात द्यायला मी यायलेय. तवर माझ्याशी बोलायचं."

जिंतूर ओलांडल्यावर रेंज गेली. दोन किलोमीटर, तीन किलोमीटर. ताईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की रात्रीपर्यंत बोटं दुखत होती. पुन्हा लागला तेव्हा हॉटेलवाल्यानं उचलला. म्हणाला, हाय इथंच, तोंड धुवायलाय.

आम्ही पोचलो तेव्हा तो आतल्या बाकड्यावर बसला होता, चार्जरला लावलेला फोन दोन्ही हातांत धरून. ताई त्याला हॉटेलच्या मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं त्यानं हातपाय धुऊन पूजा केली. मग तो जेवला. मी बाहेर उभा होतो, मला आत काही कामच नव्हतं.

वडलांना ताईंनीच फोन केला. आधी म्हणाल्या, मामा, गल्ला कुणाला तरी सांगून जरा आत घरात जा, मग बोलते. अर्ध्या तासात ते मोटरसायकलवर आले. हाताला अजून पीठ लागलेलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सत्काराचं मी बघतो. सांगतो लोकायला मी, पोरगं आजारी हाय म्हणून. हायच की." मग मुलाशेजारी बसले आणि त्याच्या ताटातली उरलेली अर्धी भाकरी त्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरा दिवसांनी वडील त्याला घेऊन यायचे. चार-पाच महिन्यांनी तो परीक्षेचा फॉर्म भरायला आला, तेव्हा माझ्या खोलीत डोकावला. गालांवर जरा मांस आलं होतं. मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि म्हणालो, त्या दिवशी माझं चुकलं. तू डबी दिलीस आणि मी नुसतं पाकिटावर नाव लिहून तुला जाऊ दिलं.

"मी लगीच गेलो न्हवतो, सर," तो म्हणाला. "तुमच्या दारापुढच्या बाकावर बसलो होतो, एक वाजेपर्यंत. वाटायचं, सर इचारतेल."

"मला दिसला नाहीस."

"दिसलो होतो की. तुमी दोनदा भाईर आला होता. दुसऱ्यांदा म्हणलात, अजून हितंच? जा, जेवून घे."

तक्रार करावी तसा त्याचा सूर नव्हता. चहा पीत पीत तो सांगत होता. मला मात्र स्वतःची लाज वाटली, कारण मला यातलं काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.