उष्टावणाच्या दिवशीचा उपास

परवा गव्हाच्या खिरीवर जायफळ किसत होते, आणि त्या वासासरशी वहिनीच्या कागलच्या माहेरी जाऊन पोचले. पंचवीसेक वर्षं झाली असतील त्याला.

दादानं बौद्ध घरातली मुलगी केली, तेव्हापासून आमच्या आईनं त्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. नातवाच्या उष्टावणाला मात्र ती आली. आली ती स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. वहिनीच्या आईनं खिरीची वाटी पुढं केली, तर म्हणाली, "माझा उपास हाय आज." कुठल्या देवाचा, ते कुणीच विचारलं नाही. मी तेव्हा दुसरी वाटी संपवत होते. बंडखोर म्हणून नव्हे, खादाड म्हणून.

बाळ आमच्या आईच्या मांडीवर होतं. मामानं पहिला घास भरवला. पोरानं वाटीत मूठ बुडवली आणि थेट आजीच्या तोंडात कोंबली.

वहिनी बाळाला उचलून घ्यायला पुढं झाली. आई आता थुंकणार, असं मला वाटलं. तिनं बाळाकडं पाहिलं, घास गिळला आणि ओठ पुसत म्हणाली, "विहीणबाई, गूळ कमी पडलाय की."

"आणतो की!" म्हणत वहिनीची आई लगबगीनं आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. गूळ शोधायला एवढा वेळ, म्हणून मी हसलेही होते.

गूळ तर आमच्यासमोर ताटातच होता.